कुऱ्हाड माझ्याकडे आहे

कोल्हापूर,
शिमग्यानंतरचा रविवार

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. न.

बाबा, मांगरात कुऱ्हाड शोधू नका. ती माझ्याकडे आहे. निघताना गोणपाटात गुंडाळून डिकीत टाकली. न विचारता नेली हे चुकलंच, पण विचारून तुम्ही दिली नसतीत. आईला बोलू नका, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. दांडा सैल झालाय म्हणून तुम्ही फाळात सायकलच्या ट्यूबची पट्टी कोंबलेली बघितली आणि मला राहवेना. तसला फाळ निसटला तर कुठे जाईल ते मी तुम्हाला सांगायचं का? शिवाय त्या खांद्याचं डॉक्टर काय म्हणाले ते आपल्या तिघांनाही ठाऊक आहे.

तिच्या बदल्यात लाकूड फोडायचं मशीन पाठवतेय, ते तयार आहे, तेव्हा "कशाला, राहू दे" आता नको. पुढच्या शनिवारी छोटा हत्ती आंबोलीमार्गे येईल. गीझर दिला तर त्याच्यावर तुम्ही लोणच्याच्या बरण्या ठेवल्यात, म्हणून चूल बंद करा असं पुन्हा म्हणणार नाही. आंघोळीचं पाणी फाट्यांवरच तापू दे, भातही त्यावरच उकडा. आईला केळीला राख लागते, तीही मिळेल. फक्त घाव घालायचे नाहीत.

हे तेलाच्या दाबावर लाकूड फोडणारं मशीन आहे. जेसीबीचा हात ज्या जोरावर उठतो तोच जोर, फक्त आडवा. पाया म्हणजे 200 मिमीचा आय-बीम, इंग्रजी I च्या आकाराचा लोखंडी गर्डर, दीड मीटर लांब. त्याच्या एका टोकाला भंगारातल्या लोडरचा सिलिंडर, आतला व्यास 80 मिमी, दांडा 45 मिमी, चाल 500 मिमी. दुसऱ्या टोकाला पाचर पक्की बसवलीय. ओंडका मध्ये ठेवायचा, सिलिंडर त्याला पाचरीवर रेटतो. तेलाचा दाब 150 बारवर, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशेपट, बांधलाय. त्याचा रेटा साडेसात टन. आपल्याकडच्या लाकडाला तेवढं पुरतं.

भंगाराचं म्हणून नाक मुरडू नका. सिलिंडर निवडताना दांड्यावर नख फिरवून बघितलंय. क्रोमला खड्डा असला तर नवं सीलही चार दिवसांत कापलं जातं, असे दोन परत केले. आतली सगळी सीलं नवी आहेत. मोटर कडबाकुट्टीची, सिंगल फेज, 3 एचपी, 1440 फेऱ्यांची, बेअरिंगं बदललेली. होजपाइप मात्र भंगारातले घेतले नाहीत. जुना होज वरून धडका दिसतो आणि आतून कुजलेला असतो. हे नवे, दुहेरी तारेचे आहेत. पाचरही आधी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची करणार होते, पण पाट्याचं पोलाद वेल्डशेजारी ठिसूळ होतं आणि भाराखाली तिथेच तडकतं. म्हणून 25 मिमीची साधी प्लेट घेतली आणि धारेवर कठीण थर चढवला.

पंप मुद्दाम लहान घेतलाय, फेरीला 4 सीसीचा. मिनिटाला पावणेसहा लिटर तेल, म्हणजे ओंडका रेटणारी सिलिंडरची पट्टी सेकंदाला जेमतेम 2 सेंमी सरकते. मोठा पंप घातला असता तर भरभर चालला असता, पण तेवढी मोटर आपल्या विजेवर उठली नसती. आणि खरं सांगू, मला ते हळूच हवं होतं. बहुतेक ओंडके अर्ध्या चालीतच उकलतात, बारा-तेरा सेकंदांत.

मशीन चालवायला दोन दांडे आहेत. उजवा तेलाचा, डावा त्याची खीळ उचलतो. दोन्ही हात दांड्यांवर असले तरच पट्टी पुढे जाते, सोडले की थांबते. एक दांडा सुतळीने बांधून ठेवायची युक्ती तुम्हाला सुचेल. सुचू दे, पण करू नका. आई, तू लाकूड धरायला जाऊ नकोस. तू पायरीवर बस आणि यांना सूचना दे, ते तुला जमतं. उंची बाबांच्या कमरेला बेतून 85 सेंमी ठेवलीय, वाकायला लागणार नाही.

मी सहावीत असताना तुम्ही खळ्यात ओंडका उभा करून त्याच्या तोंडावरची चीर दाखवली होतीत. "लाकूड कुठे फाटणार ते तेच सांगतं, आपण ऐकायचं." ते काम अजून तुमचंच आहे, मशीनला चीर दिसत नाही. आंबा सरळ उकलतो. जांभळाचा धागा उलटसुलट, तो फुटला तरी चिकटून राहतो, हाताने ओढू नका, पाचरीपर्यंत पूर्ण जाऊ दे. गाठ असली तर मधोमध घेऊ नका, कडेकडेने ढलप्या काढा. तोंड तिरपं कापलेला ओंडका उसळतो, तो बाजूला ठेवा. माडाचं खोड घालूच नका, त्याचे नुसते तंतू निघतात. मोटर कण्हायला लागली आणि लाकूड हलत नसलं तर दांडा धरून बसू नका. सगळा जोर तेल तापवण्यात जातो. मागे घ्या, ओंडका फिरवा, पुन्हा लावा.

आता हे दोनदा वाचा. तेल कुठून गळतंय ते हाताने चाचपायचं नाही. टाचणीएवढ्या भोकातून 150 बारची धार चामडीत घुसते, बाहेरून ठिपक्याएवढी दिसते आणि आतून हात सडवते. पुठ्ठा फिरवून बघा. लागलंच तर दुखत नसलं तरी तडक इस्पितळ, हळद लावून बसायचं नाही. आणि व्हॉल्व्हवर लाल रंग लावलेला स्क्रू आहे, तो दाबाचा. त्याला पाना लावायचा नाही.

वीज विहिरीच्या पंपाच्या बोर्डावरूनच घ्या. मोटर 15-16 अँपिअर ओढते, पडवीतल्या एक्स्टेन्शनची वायर वितळेल. 4 चौ. मिमी तांब्याची केबल, 25 अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा) आणि आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा) सोबत पाठवतेय. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि विहिरीचा पंप व मशीन एकदम चालवू नका. व्होल्टेज उतरलं की मोटर नुसती घूं करते, फिरत नाही. लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. दांडे मोकळे ठेवूनच चालू करायची, मग तेल बिनदाबाचं टाकीत फिरतं आणि मोटर सहज उठते. वायरमनने जोडण्या बदलून ती उलटी फिरवली तर पंपाचं सील उडेल. बाणाची खूण केलीय, ती त्याला दाखवा.

टाकीत 68 नंबरचं 20 लिटर हायड्रॉलिक तेल आहे. पातळी सिलिंडरचा दांडा आत असतानाच बघा. बाहेर असताना पाऊण लिटर कमी दिसते, तेव्हा भरलंत तर नंतर ओतून जाईल. तेल ताकासारखं पांढरं दिसलं तर पाणी शिरलंय किंवा पंप हवा ओढतोय. रात्रभर राहू द्या. सकाळी निवळलं आणि तळाशी पाणी नसलं तर हवा, नाहीतर पाणी. तळाशी साठलेलं तळाच्या बुचातून सोडा. काम झालं की दांडा आत घ्या. खाऱ्या हवेत उघडा राहिला तर क्रोम गंजेल.

तुम्ही थकलात म्हणून हे केलं असं मनात आणू नका. थकला असतात तर कुऱ्हाड चोरावी लागली नसती.

पहिल्या दिवशी मी येतेय, माझ्याशिवाय चालू करायचं नाही. मशीन पावणेदोनशे किलोचं आहे, उतरवायला चार माणसं सांगून ठेवा, आणि त्या चारांत तुम्ही नाही. आई, टेम्पोवाल्याला जेवूनच पाठव. तो मासे खात नाही.

तुमची,
बाय

ता. क. कुऱ्हाडीला बाभळीचा नवा दांडा घातलाय. ट्यूबची पट्टी काढली, टाकली नाही.