रजोनिवृत्तीच्या उपचारात फिजिओथेरपी कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रजोनिवृत्तीविषयी वृत्तपत्रांतून आता बऱ्याच मोकळेपणाने लिहिले जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या लेखनात अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, उडालेली झोप, चिडचिड आणि हाडांची झीज यांनाच जागा मिळते. खोकताना-शिंकताना लघवीचे थेंब जाणे, लघवीची घाई न आवरणे, ‘अंग बाहेर येत आहे’ असे वाटणे किंवा संबंधाच्या वेळी दुखणे या तक्रारी एखाद्या वाक्यात उरकल्या जातात. त्यांवर फिजिओथेरपीचा उपयोग होतो, हे तर क्वचितच सांगितले जाते. या क्षेत्रात काम करणारी फिजिओथेरपिस्ट म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत पसरलेले स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देतात. बाळंतपणात या स्नायूंवर मोठा ताण येतो, पण अनेकींना त्या वेळी फारसा त्रास जाणवत नाही. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे प्रमाण घटते, योनी व मूत्रमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे होते, लघवीचा जंतुसंसर्ग वारंवार होऊ लागतो, आणि वयानुसार स्नायूंची ताकदही कमी होत असल्याने जुनी कमजोरी उघडी पडते. गरम वाफांचा त्रास बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांत ओसरतो. योनी व मूत्रमार्गाच्या या तक्रारी मात्र उपचार न केल्यास सहसा टिकून राहतात आणि वाढूही शकतात. तरीही अंगावर काढल्या जातात त्या नेमक्या याच.

फार तर ‘केगलचे व्यायाम करा’, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे हे स्नायू आवळा आणि सोडा, एवढा सल्ला मिळतो. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नॉल्ड केगल यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले, तेव्हा स्नायूंचा दाब मोजणारे उपकरणही त्यांनी वापरात आणले होते, जेणेकरून आपण योग्य स्नायू आवळत आहोत की नाही हे स्त्रीला स्वतःला कळावे. पुढे व्यायामाचे नाव तेवढे सर्वतोमुखी झाले आणि खातरजमा मागे पडली. तपासणीच्या वेळी ‘आवळा’ म्हटल्यावर अनेक स्त्रिया श्वास रोखतात, पोट ताठ करतात, मांड्या आणि नितंब घट्ट करतात, आणि तपासणाऱ्या बोटाला स्नायू वर उचलला गेल्याचे जाणवण्याऐवजी खाली ढकलला गेल्याचे जाणवते. असा व्यायाम कित्येक महिने नेमाने केला तरी गुण येत नाही, आणि मग दोष व्यायामाच्या माथी मारला जातो. लघवी करताना मध्येच धार रोखून रोज सराव करण्याचा सल्लाही अजून फिरतो आहे. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात अडथळा येऊ शकतो.

शिवाय प्रत्येक स्त्रीचे स्नायू सैल झालेले नसतात. काहींचे आधीच आखडलेले असतात, विशेषतः जिथे वेदना हीच मुख्य तक्रार असते. तिथे स्नायू सैल सोडणे आणि श्वासाचा मेळ साधणे आधी शिकवावे लागते. कोणाला काय हवे, हे संमती घेऊन, आडोसा राखून केलेल्या तपासणीनेच कळते. तपासणी नको असेल तर नकार देण्याचा स्त्रीला पूर्ण अधिकार आहे. तरीही बाकीचा उपचार सुरू करता येतो.

ब्रिटनमधील ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार खोकताना-शिंकताना लघवी जाण्याच्या तक्रारीवर किमान ३ महिने देखरेखीखाली केलेला व्यायाम हा पहिल्या टप्प्याचा उपचार आहे. त्यात दिवसातून ३ वेळा, प्रत्येक वेळी किमान ८ वेळा स्नायू आवळणे अपेक्षित आहे. याच्या जोडीला लघवीच्या वेळांची आणि पिण्याची काही दिवसांची नोंद, घाई लागताच न धावता थोडे थांबण्याचा सराव, खोकला येण्याच्या क्षणाआधी स्नायू आवळण्याची सवय आणि बद्धकोष्ठतेचा बंदोबस्त हेही येते. लघवीच्या भीतीने पाणी तोडणाऱ्या स्त्रिया अनेक भेटतात. त्याने लघवी गडद होऊन मूत्राशय आणखी चिडते.

फिजिओथेरपीने सर्व काही बरे होते, असा दावा मी करणार नाही. कोरडेपणासाठी योनीत वापरायचे इस्ट्रोजेन, अंग बाहेर येत असल्यास आधारासाठी बसवायची पेसरी किंवा शस्त्रक्रिया यांचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्तस्राव झाला, तर व्यायामाच्या भरवशावर न राहता विनाविलंब डॉक्टरांकडे जायला हवे. माझे म्हणणे इतकेच, की या उपचारांच्या यादीत फिजिओथेरपी अगदी शेवटी, किंवा शस्त्रक्रिया ठरल्यानंतर आठवू नये.

रजोनिवृत्तीच्या तक्रारी घेऊन आलेल्या प्रत्येक स्त्रीला डॉक्टरांनी लघवीवरचे नियंत्रण, खाली ओढल्यासारखे वाटणे आणि संबंधातील वेदना यांविषयी आपणहून विचारावे. स्त्री स्वतः विषय काढील याची वाट पाहू नये. आवश्यक तिथे या कामाचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे, केवळ व्यायामाचा कागद हाती देऊ नये. आपल्या वृत्तपत्रानेही या विषयावर सविस्तर लेखन प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक