ताम्पेरेहून घरी: फ्रीहबच्या आवाजाविषयी

ताम्पेरे, फिनलंड
८ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे, जेवण वेळेवर होते आणि शेंगाचटणी अजून शिल्लक आहे. फोनवर मागून किर्र आवाज ऐकून आई घाबरली, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे डिसेंबरात दिवस जेमतेम साडेपाच तासांचा आणि रस्त्यांवर बर्फ. त्यामुळे सायकलवेडे लोक मागचे चाक काढून सायकल एका जड यंत्रावर बसवतात आणि दिवाणखान्यातच तासभर पायडल मारतात. सायकल तसूभरही पुढे सरकत नाही, आणि त्याचे कोणाला नवलही वाटत नाही. वर, बाहेर गोठवणारी थंडी असताना खिडकी उघडून पंखा लावतात, कारण जागच्या जागी वारा लागत नाही आणि घाम ठिबकत राहतो. त्यातले मीठ लोखंडाला खाते.

फोनवरचा आवाज माझ्याकडच्या अशाच यंत्राच्या फ्रीहबचा, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या भागाचा होता. आपल्या फ्रीव्हीलसारखेच त्यात स्प्रिंगवरचे खटके असतात. पाय थांबले तरी यंत्रातले जड चाक (फ्लायव्हील) फिरतच राहते. तेव्हा कोरडे खटके दात्यांवर किंचाळतात, आणि चिकटले तर साखळी वरच्या बाजूला सैल पडून लोंबते. मी कॅसेट (साखळी बसते त्या दातेरी चकत्यांचा संच) उतरवली, टोपण काढून फ्रीहब ओढला (खाली वर्तमानपत्र अंथरले होते, स्प्रिंग उडाली तर सापडत नाही), जुने काळे ग्रीस पुसले आणि पातळ ग्रीसचा अगदी हलका हात दिला. घट्ट ग्रीस भरले तर खटके वेळेवर उठत नाहीत आणि जोर लावताच पाय सटकतो. बाबा गिरणीत मागाला तेल घालत तसेच, थेंबाने. बंद बेअरिंगांना हात लावला नाही, कॅसेट ४० न्यूटन मीटरला (हे पिळण्याच्या जोराचे माप) घट्ट केली. आता नुसती टिकटिक ऐकू येते. गुडघ्यांना काहीही होत नाही, आईने तो विषय सोडावा.

यंत्र जुने, सहकाऱ्याकडून घेतलेले आहे. फार पैसे गेले नाहीत. ताईच्या लग्नाच्या हॉलची उरलेली रक्कम सोमवारी पाठवते. लग्नाला मी येणारच. साखरपुड्याला मात्र रजा मिळत नाही. ते ताईला मीच सांगेन, तुम्ही आधी बोलू नका. माझ्यासाठी आलेल्या स्थळाला पत्रिका खुशाल द्या, फक्त मुलगी घरात बसून सायकल चालवते, हेही त्यांच्या कानावर घाला.

तुमची,
धाकटी