ताई, तू आधी गेमचं नाव सांगितलंच नाहीस

प्रिय ताई,

फोनवर मी आभार मानायला लागलो की तू ‘बरं बरं, काका कसे आहेत ते सांग’ म्हणून विषय बदलतेस. म्हणून हे लिहून काढतोय. उघडपणे लिहितोय, कारण नवीन गेमिंग कन्सोल हातात घेऊन ‘आता खेळू काय?’ या प्रश्नावर अडकलेले माझ्यासारखे खूप जण असणार. त्यांच्या घरी तू नाहीस, निदान तू मला जे विचारलंस ते तरी त्यांच्यापर्यंत पोचावं.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि रात्रीची पाळी माझ्याकडे आली. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसायचं, दर तासा-दीड तासाने कूस बदलायला मदत करायची, पाणी द्यायचं, औषधाची वेळ सांभाळायची. मधल्या वेळात पुस्तक वाचायला दिवा लावता येत नव्हता. मोबाइल हातात घेतला की तास कुठे जायचा कळायचं नाही आणि डोकं आणखीच शिणायचं. म्हणून निन्टेंडोचा स्विच लाइट हा हातात धरून गेम खेळायचा कन्सोल घेतला. तो घेताना मी अजिबात घुटमळलो नाही. साडेपाच इंची स्क्रीन, टीव्हीला जोडता येत नाही, कंट्रोलर अंगालाच जोडलेले. मला नेमकं तेवढंच हवं होतं. घुटमळलो ते त्यानंतर. चौदा गेम्सची यादी केली होती. सगळी ‘सर्वोत्तम’ म्हणून गाजलेली नावं. ती तुला पाठवली आणि विचारलं, आधी कुठला घेऊ?

तू यादीकडे पाहिलंही नाहीस. उलट विचारलंस, ‘एका बैठकीत तुला सलग किती मिनिटं मिळतात? काकांनी हाक मारली तर किती सेकंदांत उठायला लागतं? आवाज ठेवता येतो का? आणि रात्री तीनला तुझे हात किती चालतात?’

ताई, मला तेव्हा वाटलं होतं की तू उत्तर टाळतेयस. आता कळतं, निवड त्या चार प्रश्नांतच झाली होती. ‘चांगला गेम कोणता’ याची उत्तरं कुठेही मिळतात. माझ्या वेळेचा आकार कसा आहे हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

मी सांगितलं: पंधरा-वीस मिनिटं. हाक आली की लगेच उठायचं. आवाज बंद. हात थकलेले.

मग तू यादी चाळलीस. टेट्रिस ९९ पहिल्यांदा गेला. मला तो फार आवडला होता, नव्व्याण्णव जण एकाच वेळी खेळतात, शेवटी एक उरतो. तू म्हणालीस, त्यात समोर माणसं आहेत, त्यांना थांबवता येत नाही. जो गेम पॉज होत नाही तो या खुर्चीत चालणार नाही. एवढ्या एका वाक्यात ऑनलाइन सामन्यांचे आणखी तीन गेम्स यादीतून गेले. सुपर मारिओ पार्टी मी दिवसा भाचरं आली की खेळू म्हणून ठेवला होता. तू दाखवून दिलंस की तो हातात धरून खेळण्याच्या पद्धतीत चालतच नाही, सुटे जॉय-कॉन, म्हणजे स्विचचे छोटे कंट्रोलर, लागतात, आणि लाइटचे तर सुटे होत नाहीत. गेमच्या पानावर ‘हँडहेल्ड’ची खूण आहे का, हे घेण्याआधी बघायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. ते पैसे तू वाचवलेस.

हॉलो नाइटवर मात्र आपला वाद झाला. तो माझ्या यादीत पहिला होता. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या टीम चेरी या मंडळींनी केलेला, चित्रं बघूनच मी हरखलो होतो. तू म्हणालीस, ‘घे, पण काका चालायला लागल्यावर.’ कारण नीट समजावून दिलंस. तिथे विसावा मिळतो तो बाकांवर, आणि बाक लांब लांब असतात. नव्या भागाचा नकाशा आपोआप मिळत नाही, नकाशे काढणारा कॉर्निफर शोधून त्याच्याकडून विकत घ्यावा लागतो. मेलात तर जमवलेली नाणी तिथेच राहतात, परत जाऊन आणावी लागतात. असा गेम वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत खेळला, मध्ये दोन रात्री चुकल्या, की आपण कुठे निघालो होतो हेच आठवत नाही. ‘गेम वाईट म्हणून नाही, तुझ्या हातून तो वाया जाईल म्हणून,’ असं तू म्हणालीस. मी रुसलो होतो. आता तो यादीत वर आहे आणि त्याची मी वाट बघतोय, हे जास्त छान वाटतंय.

शेवटी तीन उरले. चौथा घ्यायचा नाही, हे तूच बजावलंस. ‘लाइटमध्ये ३२ जीबी आहे, त्यातली काही सिस्टिमच घेते, पण खरी अडचण जागेची नाही. दहा गेम्स समोर असले की थकलेला माणूस यादीच वर-खाली करत बसतो.’ अगदी असंच झालं असतं.

इन्टू द ब्रीचबद्दल थोडकं सांगतो. आठ बाय आठ चौकोनांचा पट. शत्रू पुढच्या चालीत काय करणार ते आधीच दिसतं, आपण तीन यंत्रांनी ते उधळून लावायचं. घड्याळ नाही, घाई नाही, आवाजाची गरज नाही. चाल अर्धवट सोडून उठलो आणि पाऊण तासाने परत बसलो तरी पट तसाच समोर असतो. बुद्धिबळाची आवड असलेल्या कुणालाही मी तो डोळे मिटून सुचवेन.

सेलेस्टबद्दल मी घाबरत होतो. डोंगर चढायचा, एकेक स्क्रीन पार करायची, पडलात की क्षणात पुन्हा त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला. माझ्यासारख्याला जमणार नाही असं वाटलं. तू त्यातला असिस्ट मोड उघडून दाखवलास. गेमचा वेग दहा-दहा टक्क्यांनी कमी करत अर्ध्यावर आणता येतो, दम न संपणारा करता येतो. आणि म्हणालीस, ‘बनवणाऱ्यांनीच ठेवलंय ते, चोरी नाही.’ मी वेग सत्तर टक्क्यांवर ठेवला. चौथ्या रात्री त्यातला तो प्रसंग आला. रोपवेचा पाळणा दोरावर मध्येच अडकतो, डोंगर चढणाऱ्या मॅडलिनचा श्वास कोंडतो, आणि तिचा मित्र तिला सांगतो की पक्ष्याचं एक पीस डोळ्यांसमोर आण, श्वासाने ते तरंगत ठेव. बटण दाबत-सोडत ते पीस आपणच तरंगत ठेवायचं असतं. शेजारी बाबांचा श्वास चालू होता. ऑपरेशनच्या दिवसापासून छातीत काहीतरी आवळून बसलं होतं, ते त्या रात्री पहिल्यांदा जरा सैल झालं. तुला हे मी फोनवर सांगू शकलो नसतो.

आणि स्टारड्यू व्हॅली. याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, चालवून घे.

हा शेती करायचा गेम एरिक बरोन नावाच्या एकट्या माणसाने चार-साडेचार वर्षं खपून केला. कोड, चित्रं, संगीत, सगळं त्याचंच. २०१६ मध्ये तो आला आणि पुढच्या वर्षी स्विचवर. तू मला कौतुकाआधी हिशोब सांगितलास: यातला एक दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि फार तर रात्री दोनला संपतो, आणि आपल्या घड्याळात तो भरतो साधारण चौदा मिनिटांचा. म्हणजे माझ्या एका बैठकीत एक दिवस. सेव्ह होतो तो फक्त पात्र झोपल्यावर, म्हणून तू निक्षून सांगितलंस, ‘दिवस संपव, झोपव, मग उठ. मध्येच हाक आली तर पॉवरचं बटण दाब, स्क्रीन झोपेल, गेम तिथेच थांबेल. पण बॅटरी पूर्ण उतरू देऊ नकोस, नाहीतर तो दिवस गेला.’ त्या दिवसापासून चार्जर खुर्चीच्या पायाला बांधून ठेवलाय.

सुरुवातीला पार्सनिपच्या पंधरा बिया मिळतात. पेरल्या, पाणी घातलं. पाचव्या रात्री बाबा जागे होते. म्हणाले, ‘काय करतोयस?’ मी स्क्रीन वळवून दाखवली. चष्मा मागितला. मग विचारलं, ‘हे काय लावलंयस?’ गाजरासारखं पांढरं कंदमूळ, चार दिवसांत येतं, म्हटलं. ‘चार दिवसांत?’ एवढंच बोलून पडून राहिले. मला वाटलं, झोपले. दहा मिनिटांनी अंधारातून आवाज आला, ‘पाणी घातलंस का सगळ्यांना?’

त्यानंतर रोजचं झालं ते. बाबांनी कन्सोल हातात घेतला नाही, अजूनही घेत नाहीत. पण शेत त्यांचं झालं. गेममधल्या टीव्हीवर दुसऱ्या दिवशीच्या हवामानाचा अंदाज लागतो, तो बघितल्याशिवाय ते मला पात्राला झोपवू देत नाहीत. पाऊस असेल तर खुशीत येतात, कारण मग पाणी घालायचं काम वाचतं आणि मी खाणीत जाऊ शकतो.

एका रात्री मी फ्लॉवरचं बी घेतलं, चांगला भाव मिळतो म्हणून. वसंताची वीस तारीख होती. बाबा म्हणाले, ‘किती दिवसांचं पीक?’ बारा, म्हटलं. ‘आणि महिना किती दिवसांचा?’ अठ्ठावीस. ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग मला उमगलं. तिथे एक ऋतू म्हणजे अठ्ठावीस दिवस, आणि ऋतू पालटला की आधीच्या ऋतूचं पीक उभ्या उभ्या सुकतं. बारा दिवसांचं पीक आठ दिवसांत कसं येईल? बी पेटीत ठेवून दिलं, पुढच्या वसंतासाठी. ऑपरेशन झाल्यापासून घरातला एखादा निर्णय बाबांनी घेतला असा तो पहिला प्रसंग होता, ताई. सकाळी फिजिओथेरपीच्या वेळी त्यांनी कुरकुर केली नाही. दोन्हींचा संबंध होताच असं मी म्हणणार नाही, पण मी तो मनात जोडून ठेवलाय.

एका बाबतीत मात्र तुझं पटलं नाही, तेही लिहितो. झेल्डा मालिकेतला ब्रेथ ऑफ द वाइल्ड तू ‘इतक्या मोठ्या जगात पंधरा मिनिटांत काय होणार’ म्हणून यादीबाहेर ठेवलास. मग मला तो फार हवा आहे हे बघून तुझी स्वतःची कार्ट्रिज, म्हणजे गेमचं छोटंसं कार्ड, दिलीस, ‘बघ जमतंय का, नाहीतर परत दे.’ मी घातली, आणि तुझी शेकडो तासांची प्रगती दिसेल म्हणून घाबरलो, पण गेम अगदी कोरा सुरू झाला. सेव्ह कार्ट्रिजवर नसतो, कन्सोलवर असतो, हे असं कळलं. आणि ताई, जमतंय गं! तो जवळपास कुठेही सेव्ह होतो, आणि त्यात १२० श्राइन्स, म्हणजे कोड्यांची छोटी देवळं, आहेत, त्यातली पुष्कळशी एका बैठकीत सुटणारी. मी जग फिरायला जातच नाही. एक श्राइन शोधतो, ती सोडवतो, थांबतो. अवाढव्य गेमचा एवढा छोटा घास घेता येतो, हे तुझ्यासारख्या सलग बसणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं नसावं. पुढे कुणी विचारलं तर हे सांग.

त्या कार्ट्रिजबद्दल आणखी एक. घरातल्या लहानग्याच्या हाती लागली तरी तो गिळणार नाही, असं तू म्हणालीस आणि मला वाटलं धीर देतेयस. पण त्यावर खरोखरच डिनाटोनियम बेंझोएटचा कडूजहर थर असतो, लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणूनच. तरी मी ती वरच्या कप्प्यात ठेवतो.

मधे एकदा मला राहवलं नाही आणि पाचवा गेम घ्यायला निघालो होतो. तेव्हा तू आधी डेमो, म्हणजे गेमचा फुकट नमुना, खेळून बघायची सवय लावलीस. ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन एसचा डेमो जवळजवळ दहा तास पुरतो आणि गेम घेतला तर ती प्रगती पुढे नेता येते. मी तीन तास खेळलो आणि थांबलो. गोष्ट सुंदर आहे, पण वाचायचं भरपूर आहे आणि माझे डोळे रात्री तेवढे साथ देत नाहीत. न घेताच कळलं, हे किती बरं झालं.

तू दोन संध्याकाळी माझ्यासाठी घालवल्यास. तुझं काम होतं, घरात तुझाही लहानगा होता, तरी एकदाही ‘कुठलाही घे, सगळे छानच आहेत’ म्हणून मला वाटेला लावलं नाहीस. आजारी माणसाशेजारी बसलेल्याला लोक जपून राहा, झोप काढ असं सांगतात, आणि ते प्रेमानेच सांगतात. तू माझ्या रात्रीच्या वीस मिनिटांची नीट मापं घेतलीस आणि त्यात बसेल असं काहीतरी शोधून दिलंस. त्याबद्दल मनापासून, अगदी मनापासून आभार.

बाबा आता वॉकर घेऊन दारापर्यंत जातात. रात्री सलग चार तास झोपतात, त्यामुळे शेतीचं काम मागे पडतंय. झेल्डाची कार्ट्रिज आणखी महिनाभर ठेवू का? चौऱ्याहत्तर श्राइन्स बाकी आहेत. आणि तू येशील तेव्हा बाबांना तुला काहीतरी विचारायचंय. शेतात आता दुसरा वसंत लागलाय, पेटीतलं फ्लॉवरचं बी पहिल्याच दिवशी पेरलंय, आणि मधल्या जागेत काय लावावं यावर माझं नि त्यांचं एकमत होत नाहीये.

तुझा,
धाकटा भाऊ