दाराच्या पॅडामागचा कागद

शहापूर, बेळगाव

प्रिय सुऱ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. काकांच्या मारुती एटहंड्रेडच्या दाराचं रेक्झिन सुटलंय, त्यामागचं हार्डबोर्डचं पॅड खालून फुगलंय आणि गॅरेजवाला वरून नवं रेक्झिन मारून देतो म्हणतोय, हे वाचून राहवलं नाही. गाडी त्याच्याकडे टाकू नकोस. हे काम तुझ्याच अंगणात होतं.

आधी पॅड का फुगलं ते बघ. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरणारच. ते खालच्या काठाच्या भोकांतून निघून जातं. पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद असतो. तो फाटला, किंवा काचेचं मशीन दुरुस्त करताना कुणी काढून टाकला, की पाणी थेट हार्डबोर्डला लागतं. त्यात तुमचा जांबोटीचा पाऊस आणि भोकांत बसलेली तांबडी माती! वरून कितीही भारी रेक्झिन लाव, पुढच्या आषाढात पॅड पुन्हा फुगणार.

काच चढवायच्या हँडलला बाहेरून स्क्रू दिसणार नाही. मागे तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅडच्या मध्ये जुनं फडकं घाल, दोन्ही टोकं धरून बूट पुसल्यासारखं इकडून तिकडे ओढ. क्लिप टुणकन उडते, म्हणून दुसरा हात आडवा धर. काच पूर्ण वर असताना हँडल कुठे होतं, तेही बघून ठेव. आर्मरेस्टचे स्क्रू आणि आतल्या कडीभोवतीची पट्टी काढली की पॅड फक्त कडेच्या क्लिपांवर राहतं. क्लिपच्या अगदी जवळ चपटी पट्टी घालून उचल. मधूनच ओढलंस तर कुजलेला बोर्ड क्लिपपाशी फाटेल आणि नव्यासाठी माप उरणार नाही.

जुनं पॅड नव्या हार्डबोर्डवर ठेवून पेन्सिलीने आखून घे, भोकांसकट. कापल्यावर मागची बाजू आणि कडा यांना ऑइल पेंटचे दोन हात दे. कडा विसरू नकोस, ओल तिथूनच शिरते. रेक्झिन थोडा वेळ उन्हात टाक, नरम पडतं. सोल्युशन, म्हणजे रेक्झिन चिकटवायचा गोंद, बोर्डाला आणि रेक्झिनला, दोन्हीकडे पातळ लाव आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांब. ओल्यावर ओलं चिकटवलं की आत वाफ कोंडते आणि बुडबुडे येतात. मग मधून बाहेर दाबत जा, गोलाईला मागे काप देऊन वळव.

आता खरं काम. दाराच्या खालच्या काठाची भोकं तारेने मोकळी कर, वरून तांब्याभर पाणी सोडून खाली गळतंय का बघ. मग जाड प्लॅस्टिकचा एकसंध कागद लाव. त्याची खालची कड पत्र्याच्या फटीतून दाराच्या आत सोडायची, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी आतच पडतं. ती बाहेर राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. बाकीच्या कडा ब्यूटाइल टेपने, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टीने, चिकटव, पुन्हा उघडायची वेळ आली तर कागद फाटत नाही.

ही गाडी २०१४ साली बंद झाली. काकांच्या मॉडेलचं तयार पॅड दुकानात शोधत बसू नकोस. रेक्झिन मात्र फार चकचकीत घेऊ नकोस रे, काकांनी इतकी वर्षं जपलेला तो मळकट राखाडी रंगच त्या गाडीला शोभतो. जुन्याचा तुकडा पाकिटात घालून पाठव, इथे फोम-रेक्झिनच्या दुकानात जुळवून घेतो. सोल्युशनचा डबाही माझ्याकडे आहे, तो नको आणूस.

काकूंना नमस्कार.

तुझा,
दिल्या