डॉक्टरसाहेब, त्या चहाबद्दल

डॉक्टरसाहेब,

स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या कंपाउंडरच्या हाती देऊन निघून येता आलं असतं. पण मला ते चारचौघांत लिहायचंय. अंगातलं पुरुषी हार्मोन कमी पडलेले माझ्यासारखे पुष्कळ पुरुष या मुंबईत आजही एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरतायत आणि प्रत्येक ठिकाणाहून खाली मान घालून बाहेर पडतायत. त्यांनी हे वाचावं. आणि ज्यांच्या टेबलासमोरून मी तसा बाहेर पडलो, त्यांनीही वाचावं. नावं घेणार नाही, ज्याचं त्याला कळेल.

मी लिफ्टचा मेकॅनिक. लिफ्ट बंद पडली की आम्हाला फोन येतो आणि आम्ही जिन्यानं वर मशीनरूमपर्यंत चढतो. विशीपासून हेच करत आलो. चाळिशी उलटली आणि चौथ्या मजल्यावर कठडा धरून थांबावं लागायला लागलं. रात्रभर झोपून उठलो तरी अंग जड. दाढी रोज करायची, ती आठवड्यातून दोनदा केली तरी चालायला लागली. बायकोजवळ जावंसं वाटेना, आणि त्याचं वाईट वाटणंही हळूहळू बंद झालं. तिनं महिनोन् महिने तोंडातून शब्द काढला नाही. आपलंच काहीतरी चुकतंय असं धरून बसली होती, हे मला फार उशिरा कळलं.

मी उपचार शोधले नाहीत असं नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, बीपी घेतलं आणि म्हणाले, वय झालं की असंच असतं, चार दिवस गावाला जाऊन या. दुसऱ्यांनी हिमोग्लोबिन कमी बघून लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, हिमोग्लोबिन तिथंच. मग एका ठिकाणी टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे त्या पुरुषी हार्मोनची टेस्ट झाली, तीही ड्युटी संपवून संध्याकाळी. रिपोर्टवर आकड्याला चांदणी होती, म्हणजे कमी. तो बघून त्या डॉक्टरांनी कागद परत सरकवला. "या वयात कोण बघतं हे?" आणखी एकजण तर दारात पुढचा पेशंट उभा असताना मोठ्यानं म्हणाले, "काय, बॉडी बनवायचीय काय आता?" पेशंट हसला, कंपाउंडर हसला. मी फी देऊन बाहेर आलो. ती फी मला आजही सलते. आणि एकांनी नुसतंच घाबरवलं की या हार्मोनचं औषध घेतलं की हार्ट अटॅक ठरलेला. का, कसा, कोणाला, काही नाही.

अशा माणसाला मग कोण उरतं? रेल्वेच्या पुलाखाली, भिंतीवर, लोकलच्या डब्यात चिकटवलेले ते कागद उरतात, गुप्त समस्या, हमखास इलाज वगैरे. नाहीतर जिममधला पोरगा उरतो, जो बॅगेतून याच हार्मोनच्या इंजेक्शनची अँप्युल काढून दाखवतो. शिकलेल्या डॉक्टरांनी दार बंद केलं की माणूस या दारात जातो, हे त्या शिकलेल्यांना दिसत नसेल?

तुमच्यापर्यंत मी आलो तो बायकोमुळे. तिची थायरॉईडची गोळी तुमच्याकडची. बाहेरच्या पाटीवर हार्मोन हा शब्द तिनं वाचला आणि एक दिवस धीर करून विचारलं, पुरुषांचंही बघता का? तुम्ही म्हणालात, "न बघायला काय झालं? घेऊन या त्यांना." हे वाक्य तिनं घरी येऊन चप्पल काढायच्या आधी मला सांगितलं.

आता त्या चहाबद्दल. तुमची केबिन ती केवढी! फायली घेऊन कंपाउंडर मागे उभा, आणि मुंबईत सगळीकडे असतात तशा पुढच्या नंबरच्या काकू दाराजवळच्या स्टुलावर आधीच येऊन बसलेल्या. तुम्ही विचारलंत, काय होतंय? मी म्हटलं, "थकवा येतो." आणि पुढं शब्द फुटेना. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग कंपाउंडरकडे. तुमच्यासमोर चहाचा कप होता, गरम, वाफा निघत होत्या, एक घोटही घेतलेला नव्हता. आणि तुम्ही त्याला म्हणालात, "अरे, खालून दोन चहा घेऊन ये. या काकूंना जरा बाहेर पंख्याखाली बसव. सावकाश ये, घाई नाही." तो गेल्यावर तुम्ही स्वतः उठून दाराला कडी घातलीत.

"आता बोला."

बस, एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम. काकूंना वाटलं नाही की त्यांना हाकललं, कंपाउंडरला कळलं नाही की माझं काय आहे, आणि मला समजलं की समोरच्या माणसाला सगळं कळलंय. डॉक्टरसाहेब, मी दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो. भिंतीपलीकडच्या घरात कोणाला खोकला झाला तरी आम्हाला ऐकू यायचं. या शहरात माणसाला रडायलासुद्धा कोपरा मिळत नाही, आणि तुम्ही माझ्यासाठी चार भिंती उभ्या केल्यात. बायकोलाही न सांगितलेलं मी तुम्हाला सांगितलं. बोलून होईपर्यंत तुमच्या चहावर जाड साय धरली होती. तो कप तुम्ही तसाच बाजूला केलात.

तपासावं लागेल, चालेल ना, असं विचारून मग तुम्ही तपासलंत. खणातून ती मण्यांची माळ काढलीत, लहानापासून मोठ्यापर्यंत ओवलेले मणी, प्रत्येकावर आकडा. वृषणाचा आकार त्यावर ताडून बघतात, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. याआधी कोणी तपासलं होतं का, असं तुम्ही विचारलंत. कोणीच नाही. इतक्या जणांना फी दिली, एकानंही पँट सैल करायला सांगितली नव्हती.

आणि मग तो प्रश्न. "लहानपणी गालगुंड झालं होतं?" झालं होतं. नववीत, संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी. गाल सुजले, आईनं लेप लावला. ताप उतरता उतरता खालीही सूज आली आणि मरणाचं दुखलं, पण त्या वयात ते आईला कसं सांगणार? कोणालाच सांगितलं नाही. वयात आल्यावर गालगुंड झालं तर वृषणाला सूज येऊ शकते आणि क्वचित कोणाला त्याची किंमत पुढं मोजावी लागते, हे तुम्ही समजावलंत. माझ्या बाबतीत तेच झालं अशी खात्री नाही देता येणार, पण शक्यता आहे, असंही स्पष्ट म्हणालात. मला ते "खात्री नाही" फार आवडलं. आधीच्या सगळ्यांना सगळ्याची खात्री होती.

संध्याकाळचा रिपोर्ट तुम्ही बाजूला ठेवलात. हे हार्मोन पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त असतं, म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी द्यायचं आणि तेही दोन वेगवेगळ्या दिवशी. दोन्ही वेळा आकडा 200 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आला. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांची संघटना 300 च्या खाली कमी धरते. एलएच, म्हणजे वृषणाला काम करायला सांगणारं मेंदूखालच्या ग्रंथीचं हार्मोन, मात्र वाढलेलं. तुम्ही प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागं चित्र काढलंत, वर मेंदूखालची ग्रंथी, खाली वृषण, मध्ये बाण. "वरून मालक ओरडून ओरडून ऑर्डर देतोय, खाली कारखाना थकलाय." तो कागद मी जपून ठेवलाय. माझं दुखणं मला पहिल्यांदा दिसलं ते त्या कागदावर.

हार्ट अटॅकचं मी विचारलं, तेव्हा तुम्ही घाबरवलं नाहीत आणि काही लपवलंही नाहीत. हृदयाचा आजार किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांवरचा अभ्यास 2023 मध्ये छापून आला. त्यात टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात हे तुलनेसाठी औषध नसलेलं, नुसतं तसं दिसणारं काही दिलेल्यांपेक्षा जास्त आले नाहीत, पण ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी होणं थोडं जास्त दिसलं. म्हणून रक्त घट्ट होतंय का ते बघत राहायचं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, 54 टक्क्यांवर गेलं की थांबायचं, प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ताची टेस्ट करायची. आणि सुई उचलण्याआधी विचारलंत, "अजून मूल हवंय का?" बाहेरून हे हार्मोन दिलं की शरीरात बीज तयार होणं मंदावतं, थांबूसुद्धा शकतं, आणि मूल हवं असणाऱ्यांना वेगळी औषधं द्यावी लागतात. माझी मुलगी अकरावीत आहे, आमचं झालं. पण जिममधला तो पोरगा पंचविशीतल्या मुलांना ती अँप्युल देतो आणि हे एका शब्दानं सांगत नाही, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. जाता जाता मुलीच्या लसींचंही विचारलंत. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे पण गालगुंडाची लस नाही, तिन्हींची मिळून असलेली एमएमआर लस बाहेर घ्यावी लागते. माझ्या आजारात माझ्या मुलीची आठवण ठेवणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही.

पहिले काही आठवडे काहीच वाटलं नाही, आणि ते तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. नंतर हिमोग्लोबिन लोहाच्या गोळीशिवाय वर आलं. माहीमच्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर मशीनरूमचं कुलूप उघडताना लक्षात आलं की आज मध्ये कुठंच थांबलो नाही. घरचंही सावरलं. बायकोनं तोंडानं काही म्हटलं नाही, पण तिच्या थायरॉईडच्या रिपोर्टांच्या पिशवीत आता माझी फाईलही असते.

ज्या डॉक्टरांनी मला हसून घालवलं, त्यांना एक विचारायचंय. माझी बायको थायरॉईड घेऊन येते, माझा मेव्हणा शुगर घेऊन येतो, तेव्हा तुम्ही हसता का? हेही हार्मोनच, यालाही टेस्ट, यालाही औषध. द्यायचं की नाही ते तपासून ठरवा, नाही म्हणा, कारण सांगून नाही म्हणा, मी ऐकेन. पण माणूस एवढा धीर गोळा करून खुर्चीत बसतो तेव्हा त्याचं ऐकून तरी घ्या. कडी घालायला कुठली डिग्री लागते?

डॉक्टरसाहेब, आमच्या कंपनीतला एकजण लवकरच तुमच्याकडे येईल. त्याला पत्ता मीच दिलाय. तो आधी गुडघेदुखी सांगेल. तुम्हाला काय ते कळेलच.

माझं पुढचं इंजेक्शन गणपतीनंतर आहे. त्याआधी सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन रिपोर्ट घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
भांडुपचा एक लिफ्ट मेकॅनिक