दोन डोंगरी गावे दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

रोमहून निघून एकाच दिवसात चिव्हिता दि बान्योरेज्जो आणि ओर्विएतो ही दोन्ही गावे पाहण्याचा आमचा हट्ट तुम्ही मोडला नाहीत, आम्हाला सोसवेल अशा बेताने तो पुरवलात. सत्तरीच्या आसपासच्या आम्हा चौघांना जुलैच्या उन्हात तुम्ही ज्या शिताफीने फिरवलेत, त्याबद्दल हे पत्र. ते जाहीर लिहिण्याचे कारण एवढेच, की आमच्या वयाच्या ज्या मंडळींनी तिकडे जायचे ठरवले असेल त्यांना तुमची आखणी उपयोगी पडावी.

चिव्हिता सकाळीच उरकायचे, हा तुमचा आग्रह किती योग्य होता ते सुमारे 300 मीटर लांबीच्या त्या पादचारी पुलावर कळले. गावात मोटार जात नाही, पुलावर सावलीचे नाव नाही आणि शेवटचा टप्पा तर चांगलाच उभा आहे. तुम्ही मध्येच कठड्याशी थांबून सांगू लागलात, की या गावाच्या पायाशी चिकणमाती आहे आणि तिच्यावर ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला टफ नावाचा ठिसूळ दगड. पाऊस आणि ओढे खालची माती धुऊन नेतात, वरचे कडे ढासळतात, आणि 1695 च्या भूकंपानंतर तर बरीच वस्ती शेजारच्या बान्योरेज्जोत हलली. ही माहिती नेमकी आमची धाप वाढली की सुरू होत होती, हे आमच्या उशिरा ध्यानात आले. ‘जरा बसू या का’ असे म्हणून तुम्ही आम्हाला एकदाही ओशाळवाणे केले नाहीत.

ओर्विएतोत स्टेशनपासून वर जायला 1888 साली सुरू झालेली दोरखंडाची रेल्वे आहे. पूर्वी ती पाण्याच्या भारावर चालत असे, आता विजेवर चालते. वर उतरल्याबरोबर सेंट पॅट्रिकची विहीर लागते. 1527 मध्ये रोम लुटले गेल्यावर पोप सातवे क्लेमेंट येथे आश्रयाला आले आणि वेढा पडला तरी पाणी तुटू नये म्हणून त्यांनी वास्तुशिल्पी धाकट्या आंतोनियो दा सांगाल्लोकडून ती खोदवून घेतली. खोली 50 मीटरांहून अधिक. उतरायचा आणि चढायचा जिना वेगवेगळा, म्हणजे पाणी वाहणारी खेचरे समोरासमोर येऊन अडकत नसत. आमच्या यजमानांना बारा मोटेची विहीर आठवली आणि ते लगेच निघाले. तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘काका, 248 पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच पुन्हा चढायच्या.’ ते गेलेच, आणि त्यांच्यासोबत तुम्हीही गेलात. आम्ही तिघे शेजारच्या किल्ल्याच्या बागेत झाडाखाली बसलो. दिवसभरातील तो सर्वांत सुखाचा तास होता, असे म्हटले तर इतिहासप्रेमींनी रागावू नये.

जेवणाची वेळ टळली की तिकडे स्वयंपाकघरे बंद होतात. तुम्ही आधीच सांगून ठेवल्यामुळे आम्हाला टोमॅटो-लसणाची गरम उम्ब्रिकेल्ली, म्हणजे तिकडचा जाडसर पास्ता, मिळाली. घंटाघराचा मनोरा आणि जमिनीखालच्या गुहा तुम्ही यादीतून सरळ काढून टाकल्यात. यजमान थोडे कुरकुरले, पण त्यामुळेच कॅथेड्रलसाठी पुरेसा वेळ उरला. 1290 मध्ये पायाभरणी झालेली ती वास्तू पश्चिमाभिमुख असल्याने तुम्ही ती मुद्दाम संध्याकाळसाठी राखली होतीत. आत चित्रकार सिन्योरेल्लीने 1499 ते 1504 या काळात पूर्ण केलेली जगाच्या अंताची भित्तिचित्रे पाहून आलो, ती पाहताना मान अवघडली, आणि मग समोरच्या बाकावर बसून दर्शनी भागावरील सोनेरी मोझेकवर कलते ऊन पडलेले पाहत राहिलो. पायांत उठण्याचे त्राण नव्हते, आणि तुम्हीही घाई केली नाहीत.

इतके करून तुम्ही तिकिटांचे पैसे घेतले नाहीत, हे मात्र आम्हाला मान्य नाही. गोडा मसाला आणि मेतकूट तुमच्या बहिणीकडे पोहोचते केले आहे. ती येताना घेऊन येईल.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली,
नाशिकची काकू