'टाइम'चं फ्रेंच मराठीतून शिकवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी नाशिकला घरी फ्रेंचच्या शिकवण्या घेते. अकरावी-बारावीची मुलं असतात, शिवाय हल्ली कॅनडाला जायचं म्हणून टीईएफ, टीसीएफ या फ्रेंचच्या परीक्षांची तयारी करणारे नोकरीवालेही येतात. मध्यंतरी बारावीतल्या एका मुलीने 'व्हॉट टाइम इज इट'चं फ्रेंच करून आणलं, 'केल तां फेतिल?' स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, पण याचा अर्थ होतो 'आज हवा कशी आहे?' बिचारीने डिक्शनरीत टाइमसमोर पहिला दिसला तो 'तां' उचलला आणि वर्गात ऐकलेल्या वाक्यात बसवला. किती वाजले हे विचारायचं तर 'केल अर एतिल', तिथे 'तां' चालतच नाही, 'अर' लागतो.

इंग्रजीत टाइम एकच, फ्रेंचमध्ये त्याचे तुकडे होतात. जातो, लागतो, पुरत नाही तो टाइम म्हणजे 'तां'. घड्याळातला किंवा ठरलेला टाइम 'अर'. एकदा, दोनदा, तीनदा म्हणतो तो 'फ्वा'. आमच्या काळी म्हणतो तो बऱ्याचदा 'एपॉक'. आणि एखादं काम करायला दिलेला टाइम, म्हणजे आपली मुदत, ती 'देले', आणि हा शब्द इंग्रजी 'डिले'सारखा दिसतो म्हणून मुलं हमखास त्याचा अर्थ उशीर असा करतात आणि मार्क घालवतात.

हे सगळं इंग्रजीतून शिकवायचं म्हणजे पाच शब्दांची यादी पाठ करून घ्यायची, आणि परीक्षेत पोरं पाचातला कुठलाही एक टाकून येतात. मीसुद्धा बरीच वर्षं तसंच शिकवलं. मग एकदा वर्गात एकजण दुसऱ्याला म्हणाला, 'अरे मला वेळ नव्हता आणि जेवायची वेळ झाली होती', आणि मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. तो वेळ आणि ती वेळ! आपण दिवसभर दोन्ही वापरतो आणि कधी चुकत नाही. वेळ गेला, वेळ लागला, वेळ पुरला नाही, हा पुल्लिंगी वेळ म्हणजे फ्रेंचमधला 'तां', तोही पुल्लिंगी. जेवायची वेळ, शाळेची वेळ, भेटायची वेळ, ही स्त्रीलिंगी वेळ म्हणजे 'अर', तीही स्त्रीलिंगी. किती वेळ लागेल म्हटलं की 'कोंबियां द तां', आणि नुसता एक काना देऊन किती वेळा म्हटलं की 'कोंबियां द फ्वा', आणि फ्वासुद्धा स्त्रीलिंगीच! पाढ्यातही तोच फ्वा येतो, तीन चोक बारा म्हणजे 'त्र्वा फ्वा कात्र, दूझ'.

त्या दिवसापासून मी मुलांना आधी वाक्य मराठीत बोलायला लावते. तोंडातून 'थोड्या वेळाने' आलं तर तां, 'जेवणाच्या वेळेला' आलं तर अर. नियम पाठ करायची गरजच पडत नाही, कान आपोआप सांगतो. आपली म्हण आहे ना, काळ आला होता पण वेळ आली नव्हती, तर मरणातून वाचलेल्या माणसाबद्दल फ्रेंच लोकही म्हणतात की त्याची 'अर' अजून आली नव्हती, आणि हे सांगितलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

प्रत्येक ठिकाणी जुळतं असं मी म्हणत नाही. गाडी वेळेवर आली तर 'आ लर', म्हणजे अरच, इथपर्यंत बरोबर, पण डॉक्टर वेळेत पोचले म्हणून पेशंट वाचला यात 'आ तां' येतो, आपल्याकडे मात्र दोन्हीकडे ती वेळच. वाईट वेळ आली याला अर चालत नाही. तां म्हणजे हवा हे तर मराठीतून कळणारच नाही, ते वेगळं शिकावं लागतं. आणि यावरून सगळी लिंगं जुळवायला गेलात तर फसाल, आपला चंद्र तो, त्यांची ल्युन ती. पण निम्म्याच्या वर काम झालं ना, उरलेलं पाठ करायला कोणाची हरकत नाही.

आणि हे फक्त टाइमचं नाही. इंग्रजीत 'आय नो'मधला 'नो' एकच, पण माहीत असणं वेगळं आणि माणूस ओळखणं वेगळं, हे मराठी मुलाला सांगावं लागत नाही, फ्रेंचमध्येही त्याला 'साव्वार' आणि 'कोनेत्र' असे दोन शब्द आहेत. चहा हॉट आणि मिरचीही हॉट, आपल्याकडे गरम आणि तिखट, त्यांच्याकडे 'शो' आणि 'पिकां'. 'यू'चं तर विचारूच नका, इंग्रजी पुस्तकात 'त्यु' आणि 'व्हू'वर दीड पान समजावलेलं असतं आणि मी तू-तुम्ही एवढंच सांगून पुढे जाते, कारण अनोळखी माणसाला 'तू' म्हणायचं नाही हे मुलं घरूनच शिकून आलेली असतात.

म्हणून त्रास होतो तो हा, की माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला त्याच्या कॉलेजात फ्रेंचच्या तासाला मराठी बोलला म्हणून उभं केलं. इंग्रजी बोललेलं चालतं, मराठी नाही! अहो, वर्गात फक्त फ्रेंचच बोलायचं असेल तर मी समजू शकते, तीही एक पद्धत आहे, पण मधे एक भाषा घ्यायचीच आहे तर ज्या भाषेत हा फरक आधीपासून आहे तीच का दाराबाहेर ठेवायची? पालकही मला विचारतात की तुम्ही मराठीतून शिकवता म्हणजे मुलाचं इंग्लिश कच्चं राहील का. त्याचं इंग्लिश कुठे जात नाही हो, त्याचं फ्रेंच पक्कं होतंय.

महाराष्ट्रात फ्रेंच शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे की पुस्तकाच्या मागे जी फ्रेंच-इंग्रजी शब्दांची यादी असते तिच्या शेजारी मुलांना पेन्सिलने मराठीचा तिसरा कॉलम आखायला सांगा, आणि नुसता शब्द नको, वाक्य लिहू द्या. त्या बारावीतल्या मुलीने तिच्या वहीत टाइमसाठी आठ वाक्यं लिहिली आहेत. परवा तिला 'वन्स अपॉन अ टाइम' दिलं होतं, मुद्दाम, आत टाइम दिसतो म्हणून. तिने क्षणभर थांबून 'एकदा काय झालं' असं पुटपुटलं आणि लिहिलं 'इल एते युन फ्वा'. फ्रेंच गोष्टी अशाच सुरू होतात.

आपली,
फ्रेंच शिकवणारी एक वाचक, नाशिक